ई-श्रम कार्डाचं करायचं काय? ॲपवर पोट असणाऱ्यांसाठी एक परीक्षण

आधी निकाल सांगून टाकतो. ई-श्रमची, म्हणजे असंघटित कामगारांच्या केंद्र सरकारी पोर्टलवरची, नोंदणी करून घ्या, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका, आणि कार्ड हातात आलं म्हणजे विमा उतरला असं अजिबात समजू नका. पुढचं सगळं याचंच स्पष्टीकरण आहे, पण माणूस अडतो तो त्यातल्या बारीक गोष्टींवरच.

हे परीक्षण मुख्यतः ज्यांचं पोट ॲपवर आहे त्यांच्यासाठी. संभाजीनगर, नांदेड, लातूरमध्ये जेवण आणि किराणा पोचवणारे, रिक्षा आणि बाईक टॅक्सीवाले, पार्सलवाले, घरी जाऊन एसी-फ्रिज दुरुस्त करणारे. आपल्याकडे यातला फार थोडा माणूस बारा महिने एकच काम करतो. चार महिने वाळूजच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे, मग ॲपवर, सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीला गावाकडे, परत आल्यावर जुना आयडी बंद पडला म्हणून दुसरं ॲप. पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), ग्रॅच्युइटी ही सगळी रचना मालकाच्या खुंटीला बांधलेली आहे. मालक बदलत राहिला, किंवा मालक म्हणावा असा कुणी नसलाच, की हातात काही उरत नाही. मालकाच्या नव्हे तर माणसाच्या नावावर चालणारी नोंद हवी, म्हणून केंद्रीय श्रम मंत्रालयाने २६ ऑगस्ट २०२१ ला ई-श्रम पोर्टल सुरू केलं. नोंदणी केली की बारा अंकी यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, मिळतो. काम बदला, जिल्हा बदला, कर्नाटकात जा, नंबर तोच राहतो; फक्त व्यवसाय आणि पत्ता बदलून घ्यायचा. इथवर पोर्टल आपलं काम नीट करतं.

एक घोळ इथेच मिटवू. पीएफचाही यूएएनच असतो आणि तोही बारा अंकीच. दोन्ही नंबर वेगळे, दोन्हींची पोर्टलं वेगळी. बँकेत किंवा नव्या कामावर कुणी ‘यूएएन द्या’ म्हटलं तर कुठला ते आधी विचारा.

नोंदणी: काम सोपं, अडथळे ठरलेले

पोर्टल उघडल्यावर आधारला जोडलेला मोबाईल नंबर टाकायचा, पीएफ आणि ईएसआयचे सदस्य आहात का याचं हो-नाही उत्तर द्यायचं, ओटीपी टाकायचा. मग आधार नंबर आणि पुन्हा ओटीपी. नाव, जन्मतारीख, फोटो आधारवरून आपोआप येतात. त्यानंतर पत्ता, शिक्षण, महिन्याचं उत्पन्न, व्यवसाय, बँक खातं, वारसदार. शेवटी भरलेलं सगळं एकत्र दिसतं, ते वाचून पुढे गेलात की कार्ड लगेच उतरवता येतं. असंघटित कामगार म्हणून साधी नोंदणी १६ ते ५९ वयात होते. घरी जमत नसेल तर सीएससी, म्हणजे ऑनलाइन सरकारी कामांच्या सेवा केंद्रावर जा. नोंदणी तिथेही मोफतच आहे. केंद्रवाले प्लास्टिकच्या कार्डाचे पैसे मागतात. त्याची गरज नाही, मोबाईलमधली पीडीएफ पुरते.

पहिला अडथळा आधारच्या मोबाईलचा. बऱ्याच जणांच्या आधारला कधीचं बंद पडलेलं सिम जोडलेलं असतं. आधार केंद्रावर ७५ रुपये भरून नंबर बदलून घ्यायचा, मगच पुढचं पाऊल. ओटीपीशिवायचा मार्ग म्हणजे सीएससीवर बोटांचे ठसे. पण पोती उचलून किंवा ऊस तोडून ज्याच्या बोटांच्या रेषा झिजल्यात त्याचे ठसे मशीन घेत नाही. अशा वेळी डोळ्यांचं स्कॅनर असलेलं केंद्र शोधावं लागतं आणि ते तालुक्याच्या गावी सापडेलच असं नाही. म्हणून मोबाईल जोडून घेणंच बरं.

दुसरा अडथळा वाळूज-शेंद्र्यात ठेकेदाराकडे काम केलेल्यांचा. पीएफ कापला गेलेला असतो, काम सोडून वर्ष झालेलं असतं, पण नोकरी सोडल्याची तारीख ठेकेदाराने पीएफच्या नोंदीत भरलेली नसते. कागदावर तुम्ही अजून कामावरच, आणि चालू पीएफ सदस्याला असंघटित कामगार म्हणून नोंदणी करता येत नाही. शेवटचं योगदान जमा होऊन दोन महिने झाले की ही तारीख तुम्हाला स्वतः पीएफच्या सदस्य पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’मध्ये भरता येते. हे आधी करा, मग ई-श्रमकडे वळा. आणि पुन्हा कंपनीत लागलात तर जुनाच पीएफ यूएएन द्या. ठेकेदार घाईत नवा नंबर काढतात आणि मागची सेवा तुटक राहते. पीएफच्या पेन्शनला १० वर्षं भरावी लागतात, ती अशा तुकड्यांत वाया जातात.

तिसरा अडथळा व्यवसायाच्या रकान्याचा, आणि आमच्या मते सगळ्यात महागात पडणारा हाच आहे. केंद्रावरचा ऑपरेटर रांग संपवायच्या घाईत सरसकट ‘शेतमजूर’ टाकून मोकळा होतो. व्यवसायाची यादी राष्ट्रीय वर्गीकरणाच्या कोडप्रमाणे आहे आणि मुख्य व दुय्यम असे दोन व्यवसाय भरता येतात. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी ‘प्लॅटफॉर्म कामगार’ अशी वेगळी नोंदणीही आहे. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात सुमारे १ कोटी गिग कामगारांना (ॲपवर कामागणिक पैसे मिळणाऱ्यांना) ओळखपत्र, ई-श्रम नोंदणी आणि केंद्राच्या जन आरोग्य योजनेखाली (आयुष्मान भारत) उपचार जाहीर झाले, ते याच नोंदणीच्या आधारावर. २०२१-२२ मध्ये शेतमजूर म्हणून कार्ड काढलं आणि आज डिलिव्हरी करता, तर नवं कार्ड काढायचं नाही, असलेली नोंद दुरुस्त करायची. शेतमजुरी दुय्यम व्यवसायात ठेवली तरी चालते.

बँकेच्या रकान्यात मराठवाड्याची खास अडचण आहे. हैदराबाद बँकेची जुनी पासबुकं अजून घराघरांत आहेत. ती बँक १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत विलीन झाली, आणि पासबुकावरचा ‘एसबीएचवाय’ने सुरू होणारा आयएफएससी आता उपयोगाचा नाही. शाखेतून नवा कोड घ्या. दुसरं, सरकारी पैसा बहुधा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधार ज्या खात्याशी शेवटचं जोडलंय त्यात जातो. दोन-तीन खाती असतील तर कुठलं जोडलेलं आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये पाहता येतं. पैसे आले नाहीत म्हणून चकरा मारणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचे पैसे जुन्या जनधन खात्यात येऊन पडलेले असतात.

कार्डावर जे मिळत नाही

सुरुवातीला ‘नोंदणी करा, दोन लाखांचा अपघात विमा मिळवा’ असा प्रचार झाला. ती सानुग्रह मदत ३१ मार्च २०२२ पर्यंत नोंदणी झालेल्यांपुरती होती. आज कुणी नुसत्या ई-श्रम कार्डावर दोन लाख मिळतात असं सांगत असेल तर त्याने जुनं पत्रक वाचलंय.

‘कार्डावर दरमहा तीन हजार’ ही दुसरी अफवा. ती कुठून आली ते कळलं की तिची भुरळ पडत नाही. २०१९ च्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत साठीनंतर महिना ३००० रुपये पेन्शन आहे, पण त्यासाठी १८ ते ४० वयात दाखल होऊन दरमहा स्वतः पैसे भरावे लागतात. वयाप्रमाणे ५५ ते २०० रुपये. तेवढेच सरकार घालतं. मासिक उत्पन्न १५,००० पर्यंतच हवं. ३० वर्षांच्या माणसाला हप्ता पडतो १०५ रुपये. स्वस्त आहे यात वाद नाही. पण नवरा-बायको दोघांच्या पश्चात जमा रक्कम घरात येत नाही, आणि ३००० चा आकडा महागाईप्रमाणे वाढत नाही.

त्यापेक्षा अटल पेन्शन योजना आम्हाला ॲपवाल्यांसाठी बरी वाटते. तिला उत्पन्नाची मर्यादा नाही, फक्त आयकर भरणारा नसावा. वय तेच, १८ ते ४०. तिशीत घेतली तर ३००० च्या पेन्शनला महिना ३४७ आणि ५००० ला ५७७ रुपये. महाग आहे खरं, पण दोघांच्या पश्चात वारसदाराला ३००० च्या पेन्शनवर ५.१ लाख आणि ५००० वर ८.५ लाख मिळतात. हप्ता महिन्याला, तिमाहीला किंवा सहामाहीला देता येतो. दिवाळीच्या आसपास कमाई आणि जून-जुलैत कडकी असलेल्याने सहामाही घ्यावी. हप्ता चुकला तर दंड लागतो, म्हणून ज्या खात्यात ॲपची कमाई येते तेच खातं जोडा.

अपघात झाला तर कुठला पैसा येतो

गाडीवरच्या माणसाला हाच प्रश्न खरा, आणि ई-श्रम इथे गप्प बसतं. त्यामुळे बाकीचे स्रोत पाहू.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. विमा वर्ष १ जून ते ३१ मे. इथे नेमकं काय बिघडतं? मे महिन्याच्या शेवटी बँक २० रुपये कापायला जाते आणि खात्यात शून्य. कमाई दुसऱ्या बँकेत, विमा जनधन खात्यावर. कुणी कळवत नाही आणि विमा गुपचूप संपतो. २५ मेच्या आधी त्या खात्यात शंभर रुपये टाकून ठेवा आणि जूनमध्ये पासबुकावर कपात छापून घ्या. दाव्याच्या वेळी ती ओळ कामाला येते. दोन बँकांत दोनदा हप्ता कापला गेला तरी रक्कम एकदाच मिळते. दाव्याला एफआयआर किंवा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. अर्ज अपघातापासून ३० दिवसांत बँकेत द्यावा असं नियम सांगतो. साप चावून किंवा झाडावरून पडून झालेलं नुकसानही यात बसतं, मात्र तेव्हाच्या तेव्हा दवाखान्यात नेल्याचा कागद हवा. गावाकडच्या हंगामात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खरं तर माणसाच्या मागे चालणारा लाभ म्हणजे काय हे बघायचं असेल तर हाच बघा: बँक खातं सोबत, विमा सोबत, मालक कुणीही असो.

गाडीच्या विम्यातलं ‘मालक-चालक वैयक्तिक अपघात संरक्षण’ बहुतेकांना माहीतच नसतं. ते १५ लाखांचं असतं. पण ‘मालक-चालक’ या शब्दात पेच आहे: गाडी तुमच्या नावावर हवी आणि लायसन्स चालू हवं. आपल्याकडे निम्मी पोरं वडिलांच्या किंवा भावाच्या नावावरची गाडी चालवतात, आणि अशांना या १५ लाखांतला एक रुपया लागू नाही. गाडी नावावर करून घेण्याचा आरटीओचा खर्च या एका कारणासाठी वसूल होतो. विमा नूतनीकरण करताना एजंट हप्ता कमी दाखवायला हे संरक्षण गाळतो. पॉलिसीवर ‘पीए ओनर ड्रायव्हर’समोर आकडा आहे का ते बघा.

ॲप कंपन्या स्वतःचा अपघात विमा देतात, पण तो साधारणपणे लॉग-इन असताना किंवा ऑर्डर हातात असतानाच लागू असतो. ऑर्डर देऊन रिकामे परत येताना गाडी घसरली की वाद सुरू. अपघात झाल्याबरोबर ॲपचा चालू स्क्रीन, वेळ आणि ठिकाणासह, कुणाकडून तरी टिपून ठेवा. आयडी बंद झाल्यावर जुनी नोंद उघडत नाही.

दवाखान्याची बाजू त्या मानाने चांगली आहे. १ जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत आणि पांढऱ्या रेशनकार्डासकट सर्वांना लागू आहेत. त्यामुळे अर्थसंकल्पातल्या ‘गिग कामगारांना जन आरोग्य’ या घोषणेने महाराष्ट्रातल्या पोराला वेगळं फार काही मिळतं असं नाही. त्याचं रेशनकार्ड आधीच तेवढं काम करतं. अट इतकीच की नाव कार्डावर हवं. पोरगा मुकुंदवाडीत खोली करून राहतो, नाव गेवराईच्या घरच्या कार्डावर, ते चालतं. लग्नानंतर बायकोचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालं आणि सासरच्या कार्डात चढलंच नाही, ते चालत नाही. घाटी (संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) असो की यादीतला खासगी दवाखाना, दारात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा टेबल असतो. आधी त्याच्याकडे जा, बिल झाल्यावर नव्हे. योजनेची चौकशी १५५३८८ वर होते.

रस्ते अपघातासाठी केंद्राने ५ मे २०२५ ला वेगळी कॅशलेस योजना अधिसूचित केली: मान्यताप्राप्त रुग्णालयात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, माणशी दीड लाखापर्यंत. कार्ड लागत नाही, विमा लागत नाही. पोलिसांत नोंद मात्र झाली पाहिजे, म्हणून ११२ ला फोन.

९० दिवसांचा हिशोब आणि भाड्याचा आयडी

सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांची व्याख्या देशाच्या कायद्यात पहिल्यांदा तिच्यामुळे आली. कलम ११४ प्रमाणे ॲप कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत द्यायची. मात्र कामगारांना दिलेल्या किंवा देय रकमेच्या ५ टक्क्यांहून ती जास्त नको. म्हणजे वर्षात तुम्हाला २ लाख मिळाले असतील तर तुमच्या वाट्याचा आकडा जास्तीत जास्त १० हजारांच्या घरात जाईल. या निधीतून जीवन आणि अपंगत्व विमा, आरोग्य, मातृत्व, म्हातारपण अशा योजना आखायच्या आहेत.

पात्रतेचा नियम संहितेच्या नियमांच्या ३० डिसेंबर २०२५ च्या मसुद्यात आला: आर्थिक वर्षात एका कंपनीकडे किमान ९० दिवस, किंवा अनेक कंपन्या मिळून १२० दिवस. ज्या दिवशी थोडीही कमाई झाली तो दिवस धरायचा. आणि एकाच दिवशी तीन ॲपवर काम केलं तर तीन दिवस. म्हणजे रोज दोन ॲप चालवणाऱ्याचे १२० दिवस साठ दिवसांत भरतात. हंगामी माणसालाही हे जमण्यासारखं आहे, मसुद्यातला हा भाग चांगला आहे.

पण शहरात सर्रास चालणारी एक गोष्ट हा सगळा हिशोब उलटवते. भावाच्या किंवा मित्राच्या आयडीवर गाडी चालवायची आणि हप्त्याला त्याला वाटा द्यायचा. दिवस मोजले जाणार त्याच्या नावावर, विमा त्याच्या नावावर, उन्हात गाडी मात्र तुमची. स्वतःचा आयडी निघत नसेल तर त्याचं कारण बहुधा लायसन्स किंवा पॅन असतं. ते काढायला लागणारे दोन-तीन आठवडे भाड्याच्या आयडीच्या वर्षापेक्षा स्वस्त पडतात. ॲपमधलं नाव, जन्मतारीख आणि मोबाईल आधारप्रमाणेच ठेवा. कंपनी पाठवते ती यादी आणि ई-श्रमची नोंद आधारवरून जुळते; जुळली नाही तर तुमचे दिवस तुमच्या यूएएनपर्यंत पोचणार कसे?

मोंढ्यातला जुना नमुना

आम्ही ई-श्रमला पाचपैकी अडीच गुण देतो, आणि कमी पडलेले गुण कुठे गेले ते मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात जाऊन बघता येतं. महाराष्ट्रात १९६९ पासून हमालांसाठी माथाडी कायदा आहे. हमाल आठवड्यात पाच आडत्यांची पोती उचलतो, त्यातला कुणीच त्याचा मालक नाही. तरी प्रत्येक आडत्या मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (मजुरीवर टक्क्याने द्यायची वरची रक्कम) माथाडी मंडळात भरतो. मजुरी मंडळामार्फत हमालाला मिळते, आणि लेव्हीतून त्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार निघतो. टोळीने दुकान बदललं तरी हिशोब मंडळात तसाच पुढे चालू. त्यातही दुखणी आहेतच: नोंदणी टाळणारे मालक, थकलेली लेव्ही. पण कामाच्या प्रत्येक खेपेमागे कामगाराच्या नावावर पैसा पडतो. ई-श्रममध्ये नाव पडतं, दिवस पडतील, पैसा मात्र सामाईक निधीत. तुमच्या नावापुढे शिल्लक म्हणून काही दिसत नाही.

उदगीर ओलांडून बिदरला गेलात तर कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात याच्या जवळचं काही केलंय: कामगाराला दिल्या जाणाऱ्या रकमेवर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क. राजस्थानने २०२३ मध्येच कायदा केला. माथाडीचा पन्नासहून जास्त वर्षांचा अनुभव ज्या राज्याकडे आहे त्याने खरं तर या बाबतीत पुढे असायला हवं होतं.

ई-श्रमची तक्रार १४४३४ वर होते. फोन करण्याआधी यूएएन आणि आधारला जोडलेला मोबाईल जवळ ठेवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. आणि जे बहुतेक जण विसरतात ते: नोंदणी केली तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, वारसदार म्हणून आईचं किंवा वडिलांचं नाव आहे. ते ई-श्रमवर बदललं तरी बँकेतल्या सुरक्षा विम्यात आपोआप बदलत नाही, पेन्शनमध्ये नाही, गाडीच्या पॉलिसीतही नाही. चारही ठिकाणी वेगवेगळा अर्ज द्यावा लागतो. बँकेत तो शाखेतच, पासबुक आणि दोघांचं आधार घेऊन.